शेत एक, खातेदार दोन

स्टारड्यू व्हॅली या गेममधला कामाचा दिवस सकाळी ६ ला उजाडतो आणि पहाटे २ ला संपतो. तिथली १० मिनिटं म्हणजे आपले साधारण ७ सेकंद. त्यामुळे अख्खा दिवस खऱ्या घड्याळात १४ मिनिटांच्या आसपास आटोपतो. आजोबांनी मागे ठेवलेलं पडीक शेत, शेजारी एक गाव, गावातली बरीवाईट माणसं. तण काढा, पेरा, पाणी घाला, विका. एरिक बॅरोन या सिएटलच्या तरुणाने चित्रं, संगीत, संवाद आणि कोड असं सगळं एकट्याने करत साडेचार वर्षांत हा गेम उभा केला आणि २६ फेब्रुवारी २०१६ ला विकायला काढला. तो खेळायचाही एकट्यानेच होता. मिळून शेत कसायची सोय आली १ ऑगस्ट २०१८ ला, १.३ या आवृत्तीत, चौघांपर्यंत. त्यातलं नेटवर्कचं मुख्य काम केलं ते लंडनच्या चकलफिश या प्रकाशक कंपनीतल्या टॉम कॉक्सनने.

मी पुण्यात पोटासाठी कोड लिहितो आणि शनिवारी रात्री लंडनला शिकणाऱ्या भाचीबरोबर हे शेत कसतो. एकट्याच्या गेममध्ये दुसरा माणूस आणायचा म्हणजे दोन कॉम्प्युटर जोडायचे, एवढंच काम असेल असं तिला वाटायचं. जोडणं हा त्यातला सोपा भाग. सातबाऱ्यावर दुसरं नाव चढलं की विहिरीचं पाणी कुणाचं, बांधावरचा आंबा कुणाचा, हे सगळं नव्याने ठरवावं लागतं, तसं इथे होतं. आमच्या शेतावरचा एक दिवस घड्याळाबरोबर सांगतो, म्हणजे कळेल.

सकाळी ६

मी घरात उठतो, ती अंगणापलीकडच्या केबिनमध्ये. शेताची सेव्ह फाइल माझ्या लॅपटॉपवर आहे, म्हणजे मी होस्ट. मी गेम उघडला नाही तर तिला शेतावर पाऊल टाकता येत नाही. "म्हणजे तू मालक आणि मी सालगडी," हे तिचं नेहमीचं. पण यावाचून गत्यंतर नाही. दोन ठिकाणी दोन शेतं ठेवली आणि दोन्हीकडे वेगवेगळं पीक उगवलं, तर खरं कुठलं? कुणा एकाची प्रत खरी मानावीच लागते. बाकीच्यांकडे असतात त्या नकला, आणि त्याही अपुऱ्या: तिच्या कॉम्प्युटरकडे शेत आणि ती उभी आहे ती जागा एवढंच ताजं असतं. डोंगरातली सुतारीण या क्षणी काय करतेय हे फक्त माझ्या लॅपटॉपला ठाऊक.

आता कोडच्या पोटात. एकट्याचा गेम लिहिताना 'खेळाडू' हा शब्द एकवचनी असतो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. स्टारड्यूच्या कोडमध्ये गेम१.प्लेअर असं एक नाव आहे. मॉड, म्हणजे गेममध्ये हौशी फेरबदल, बनवणाऱ्या पोरांना ते तोंडपाठ असतं. गेमचा बराचसा भाग या नावाशी बोलतो. खेळाडू जवळ आला का? खेळाडूकडे कुऱ्हाड आहे का? खेळाडू या खोलीत शिरला का, मग प्रसंग सुरू करा. दुसरा माणूस आला की यातल्या प्रत्येक ओळीपाशी थांबून विचारावं लागतं: कुठला खेळाडू? या कॉम्प्युटरसमोर बसलेला? होस्ट? ज्याने आत्ता झाड तोडलं तो? की कुणीही एक? उत्तर दर ओळीला वेगळं. शोधा-आणि-बदला करून हे काम होत नाही. माणसाने बसून वाचावं लागतं. आणि एखादी ओळ राहून गेली तर गेम बंद पडत नाही, हे जास्त वाईट. तो चालू राहतो आणि कधीतरी भाचीने तोडलेल्या झाडाचा अनुभव माझ्या खात्यावर जमा करतो.

दुसरं मोठं काम त्याहून कंटाळवाणं. झाडावर किती घाव बसले, रोप किती दिवसांचं आहे, गाईचा मूड कसा आहे, हे सगळे साधे आकडे. एकट्याच्या गेममध्ये आकडा बदलला की बदलला. दोघांच्या गेममध्ये त्याने "मी बदललो" असं समोरच्यालाही कळवायला हवं. १.३ साठी अशा आकड्यांच्या जागी नेटवर्कवर बोलणारे नवे प्रकार घातले गेले. खेळणाऱ्याला पडद्यावर त्यातलं काही दिसलं नाही. पण तोवर लोकांनी हौसेने लिहिलेले ढीगभर मॉड त्या एका बदलाने मोडले आणि पुन्हा लिहावे लागले.

सकाळी ६:१०

उठल्या उठल्या टीव्ही लावायचा. त्यावर भविष्य सांगणारी बाई येते आणि आज ग्रह अनुकूल आहेत की नाही ते सांगते. खाणीत काय हाती लागेल यावर त्या नशिबाचा परिणाम होतो. एकट्याच्या गेममध्ये रोजचं नशीब खेळाडूचं. दोघांत? मला शुभ आणि तिला अशुभ सांगून त्याच खाणीत पाठवलं तर खाणीने कुणाचं ऐकायचं? म्हणून नशीब सगळ्या घराचं एकच ठेवलेलं आहे. माझ्या मते गेममधला हा सगळ्यात भारतीय निर्णय.

नशीब म्हणजे कॉम्प्युटरच्या भाषेत यादृच्छिक आकडे, आणि ते खरे यादृच्छिक नसतातच. एका बीज-आकड्यापासून ठरलेल्या हिशेबाने ओळीने निघत जातात. बीज तेच असेल तर दोन्ही कॉम्प्युटरवर तीच ओळ निघते. यावर एक आख्खी पद्धत उभी आहे: जग पाठवायचंच नाही, फक्त खेळाडूंचे हुकूम पाठवायचे आणि प्रत्येक कॉम्प्युटरने तोच हिशेब स्वतः करायचा. एज ऑफ एम्पायर्स या गेमने १९९७ मध्ये टेलिफोनच्या मोडेमवरून शेकडो सैनिकांच्या लढाया खेळवल्या त्या याच जोरावर. पण ही पद्धत फार सोवळी. तो गेम लिहिणाऱ्या पॉल बेटनर आणि मार्क टेरानो यांनी २००१ मध्ये सांगितलेला किस्सा आहे: नकाशा तयार होताना एखादं हरीण केसभर चुकीच्या जागी उभं राहिलं, तर ते किंचित वेगळीकडे चरायला जातं, काही मिनिटांनी एखाद्या गावकऱ्याची वाट बदलते, आणि बघता बघता दोघांकडे दोन वेगळी युद्धं चालू होतात. इतका काटेकोरपणा पहिल्या दिवसापासून पाळला असेल तरच चालतो. साडेचार वर्षं एकट्यासाठी लिहिलेल्या कोडला तो मागाहून शिकवायला जाणं म्हणजे फुकटचं दुखणं. स्टारड्यूने होस्टचं खरं मानायची वाट धरली, ते शहाणपणाचं झालं.

सकाळी ७

पाणी घालायची वेळ. ती कोबीचे वाफे घेते, मी बटाट्याचे. तिने झारी तिरकी केली की तिच्या पडद्यावर माती लगेच ओली होते, माझ्याकडे किंचित नंतर. मुंबई ते लंडन सरळ रेषेत साधारण ७,२०० किलोमीटर. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे जायला ३६ मिलिसेकंद आणि परतीचे ३६. हा झाला हिशेबातला किमान वेळ. तारा सरळ जात नाहीत, मधे यंत्रं असतात, त्यामुळे प्रत्यक्षात शंभराच्या पुढेच जातो. पडदा सेकंदाला ६० वेळा बदलतो, एका चित्राला १७ मिलिसेकंदही मिळत नाहीत. थोडक्यात, मला दिसणारी भाची नेहमी काही चित्रं जुनी असते.

गोळीबाराच्या गेममध्ये एवढ्या वेळात माणूस मरतो. १९९६ मध्ये आयडी सॉफ्टवेअरच्या जॉन कारमॅकने क्वेकवर्ल्डमध्ये यावर तोड काढली: सर्व्हरचं उत्तर येण्याआधीच खेळाडूला पुढे हलवायचं, आणि उत्तर वेगळं आलं तर गुपचूप दुरुस्त करायचं. शेतात ती कसरत लागत नाही. कोबीला शंभर मिलिसेकंदांची घाई नसते. इथे प्रत्येकाचा कॉम्प्युटर आपल्या माणसाला स्वतः चालवतो आणि "मी इथे आहे" असं सांगतो. होस्ट मान डोलावतो. यात फसवायचं ठरवलं तर खुशाल फसवता येईल. पण मामाच्या शेतात चोरी करून भाचीला मिळणार काय? मिळून खेळायच्या गेममध्ये विश्वास गृहीत धरता येतो आणि त्याने महिन्यांचं काम वाचतं. एकमेकांविरुद्धच्या खेळात ही चैन परवडत नाही.

सकाळी ९

गावातल्या पिएरचं दुकान उघडतं. आणि आमचं पहिलं भांडण इथेच.

"मामा, ४,००० साठवले होते ना खुराड्यासाठी? कुठे गेले?"

"मोठी पिशवी घेतली. २,००० ची."

"मला न विचारता?"

थैली एकच. १.३ आलं तेव्हा सगळ्यांचे पैसे एकत्र, एवढाच पर्याय होता. खाती वेगळी करायची सोय नोव्हेंबर २०१९ च्या १.४ मध्ये आली. लोकांनी सव्वा वर्ष एकत्र कुटुंब चालवून पाहिलं आणि मग वाटणी मागितली, हे मला अगदी ओळखीचं वाटलं.

भांडण माणसांचं, पण त्याच्याखाली एक हिशेबाचा सापळा आहे. समजा थैलीत नेमके २,००० आहेत. मी पिएरकडे पिशवी घेतो, त्याच क्षणी ती दुसरीकडे २,००० चं काही घेते. माझा लॅपटॉप बघतो, पैसे आहेत. तिचा बघतो, आहेत. दोघंही वजाबाकी करून "आता थैलीत शून्य" असं एकमेकांना कळवतात. दोन वस्तू, किंमत एकीची. हे टाळायचं तर एकूण रक्कम पाठवायची नाही, फरक पाठवायचा: "२,००० कमी करा." स्टारड्यूच्या सामाईक थैलीचा हिशेब असाच फरकाने चालतो. मग थैली फार तर उणे होईल, पण हिशेब खोटा ठरणार नाही. बँकांनी सोडवलेला हा जुना प्रश्न, पण कोबी विकणाऱ्या गेममध्ये तो आपल्याला गाठेल असं एकट्याने कोड लिहिणाऱ्याला का वाटावं?

सामानाच्या पेटीचंही असंच. दोघांनी एकाच पेटीतला एकच हिरा एकाच वेळी उचलला तर दोन हिरे होतील. म्हणून एकाने झाकण उघडलं की पेटीला कुलूप, दुसऱ्याने थांबायचं. आणि झाकण उघडं ठेवून समोरच्याचं इंटरनेट गेलं तर? तेव्हा ते कुलूप आपोआप सुटायला हवं, नाहीतर पेटी कायमची बंद. कुलूप लावणं अर्ध्या तासाचं काम. ते केव्हा केव्हा सोडायचं याचा विचार करण्यात आठवडा जातो.

दुपारी १

दारावर बेल वाजते, गेममधली नाही, घरची. पूर्वी मी एक बटण दाबून घड्याळ थांबवलं असतं आणि दार उघडून आलो असतो. एकट्याच्या गेममध्ये काळ हा खेळाडूचा घरगडी: मेनू उघडा, थांबतो, कुणाशी बोलायला लागा, थांबतो. दोघांच्या गेममध्ये मी मेनू उघडला म्हणून लंडनमधल्या पोरीचे पाय जागच्या जागी खिळवायचे का? नाही. म्हणून मी एकट्याने मेनू उघडला तरी घड्याळ चालूच राहतं.

हा बदल दोन शब्दांत सांगून होतो, पण त्याने गेमचा स्वभाव पालटतो. पेटी आवरणं, बियाणं निवडणं, नकाशा बघणं, या सगळ्याला पूर्वी वेळ लागत नव्हता. आता १४ मिनिटांच्या दिवसातून तो कापला जातो. एकट्याने खेळताना मी निवांत शेतकरी आहे, भाचीबरोबर खेळताना सतत धावतो. दुसऱ्या बाजूने पाहा: दोघांना मिळून दिवसात दुप्पट काम उरकता येतं, त्यामुळे पैसा भसाभस येतो. म्हणून विक्रीचा नफा ७५, ५० किंवा अगदी २५ टक्क्यांवर आणायची सोय ठेवली आहे. आम्ही ७५ वर खेळतो. माझं मत ५० चं होतं. ऐकलं गेलं नाही.

सणाच्या दिवशी उलटा प्रकार. वसंतातल्या १३ तारखेला अंड्यांचा सण असतो. एकट्याचा गेम तिथे काळ थांबवतो आणि सण उरकला की थेट रात्रीत आणून सोडतो. एकाला असं रात्रीत फेकलं आणि दुसरी अजून सकाळी कोबीच्या वाफ्यात, हे कसं जमणार? उपाय साधा आणि वैतागवाणा: सगळे सणाच्या वेशीवर येऊन "तयार" म्हणेपर्यंत कुणालाही आत सोडायचं नाही. मी वेशीवर उभा, ती नदीवर मासे पकडतेय. "आलेच रे, एवढा एक मासा." लग्नाला निघताना घरात जे होतं ते इथे कोडने लिहून ठेवलंय.

संध्याकाळी ६

गावातल्या माणसांशी बोलायची वेळ. इथे कॉम्प्युटरचे प्रश्न संपतात आणि कथेचे सुरू होतात. एकट्याच्या गेममध्ये गावाचा एकच पाहुणा असतो आणि सगळे संवाद त्याला उद्देशून. आता दोन पाहुणे. लोहाराने माझ्याशी मैत्री केली म्हणजे तिच्याशीही केली का? स्टारड्यू म्हणतो, नाही. जीव ज्याने त्याने लावायचा. गावातल्या मुला-मुलीशी लग्न जमतं तेही ज्याचं त्याचं, पण एका माणसाचं लग्न एकदाच: तिने सेबॅस्टियनला वरलं की तो माझ्या शेतावरचा जावई झाला, दुसऱ्या कुणाला मिळणार नाही. गावाचं मोडकळीला आलेलं समाजमंदिर मात्र सगळ्यांनी मिळून उभारायचं. कुणीही काही आणून दिलं तरी खातं एकच.

ही विभागणी मला फार नेमकी वाटते. जीव लावणं वैयक्तिक, गाव सामाईक. अनेक मोठ्या कंपन्यांच्या गेममध्ये पाहुण्या खेळाडूला होस्टच्या कथेत फक्त हाताखाली राबवून घेतात आणि तो स्वतःच्या गेममध्ये परतला की त्याच्या पदरात काही नसतं. त्यात तांत्रिक अडचण थोडी, विचार न करण्याचा भाग जास्त.

रात्री ९

भाची गायब. बोलता बोलता पडद्यावरून नाहीशी झाली. तिच्या वसतिगृहाचं वायफाय. तिचं सामान, तिचं कौशल्य, तिची केबिन सगळं माझ्या लॅपटॉपवर शाबूत आहे, लगेच जोडली गेली तर ती त्याच दिवसात परत येईल. पण माझा लॅपटॉप बंद पडला असता तर? दोघांचाही आजचा दिवस पाण्यात. गेम सेव्ह होतो तो फक्त रात्री झोपताना.

परत जोडणं हेही सरळ नसतं. आपल्याकडे मोबाइल आणि बऱ्याच घरगुती जोडण्यांमध्ये शेकडो ग्राहकांना मिळून इंटरनेटवर एकच पत्ता दिलेला असतो. बाहेरून कुणी थेट माझा लॅपटॉप शोधायला निघालं तर त्याला दार सापडत नाही. म्हणून स्टीमसारख्या ऑनलाइन गेम-दुकानांच्या मधल्या सर्व्हरवरून गाठ घालून द्यावी लागते. एकट्या गेम बनवणाऱ्याने हे स्वतः उभारायच्या फंदात पडू नये, असं मी माझ्या हाताखालच्या पोरांना नेहमी सांगतो.

रात्री ११

मी पलंगावर. ती अजून खाणीत. सगळे झोपल्याशिवाय दिवस संपत नाही. पडून राहिलं की थोडी ताकद भरून येते एवढंच सांत्वन. माइनक्राफ्टमध्येही रात्र सरायला सगळ्यांनी झोपावं लागायचं. एक जण जागा राहून सगळ्यांना छळायचा. शेवटी २०२१ मध्ये त्यांनी "निम्मे झोपले तरी चालेल" असं ठरवता येईल अशी सोय दिली.

माइनक्राफ्टची आठवण निघालीच आहे तर सांगतो. तिथे एकट्याचा गेम आणि अनेकांचा गेम असे बरीच वर्षं दोन वेगळे कोड सांभाळले जात होते आणि बग दोन्हीकडे वेगळे. १ ऑगस्ट २०१२ ला, त्यांच्याही १.३ मध्येच, त्यांनी एकट्याचा गेमच रद्द केला. म्हणजे तुम्ही एकटे खेळलात तरी आत एक छोटा सर्व्हर चालतो आणि तुम्ही त्याला जोडलेले एकमेव पाहुणे असता. स्टारड्यूचा १.३ बरोबर सहा वर्षांनी, त्याच तारखेला. योगायोग, पण मी दर वेळी सांगतो.

स्टारड्यूने पुढे डिसेंबर २०२० मध्ये, १.५ ला, एकाच पडद्यावर मिळून खेळायची सोय दिली. त्यात नेटवर्क लागत नाही, मग सोपं असेल? उलट. आता गेम१.प्लेअर एकाच कॉम्प्युटरवर दोन जण होणार. त्यांनी केलं असं की एकाच प्रोग्रामात गेमच्या दोन प्रती चालवायच्या आणि पाळी बदलली की एकाचे आकडे काढून दुसऱ्याचे ठेवायचे. वाचल्यावर मला हसू आलं आणि आदरही वाटला. आधीचा कोड फेकून न देता यापेक्षा बरं काही होणं कठीण होतं. मायक्रोसॉफ्टचं पाठबळ असलेल्या हेलो इन्फिनिटने असाच पडदा वाटून कथा खेळायची सोय जाहीर केली होती. सप्टेंबर २०२२ मध्ये ती रद्द केल्याचं सांगितलं. तेव्हा तुमच्या आवडत्या छोट्या गेमखाली "मल्टिप्लेअर कधी देताय?" असं लिहिण्याआधी थोडा विचार करा.

पहाटे १:५०

"पळ! दहा मिनिटं राहिली!" म्हणजे सात सेकंद. २ वाजता जो जिथे असेल तिथे कोसळतो. ती खाणीतच कोसळते आणि थैलीतले थोडे पैसे जातात. सामाईक थैलीतले. पडद्यावर दिवसाचा हिशेब येतो, माझा लॅपटॉप सेव्ह करतो, आणि तिचा कॉम्प्युटर ते होईस्तोवर थांबतो.

मार्च २०२४ च्या १.६ पासून कॉम्प्युटरवर एका शेतात आठ जणांना खेळता येतं. बॅरोनने मात्र २०२१ मध्ये जाहीर केलेला आपला पुढचा गेम, हॉन्टेड चॉकलेटिअर, एकट्याने खेळायचाच ठेवलाय.